खोक्यावरचा कोरा चौकोन

वेलिचका तोमोवाला छापखान्यातली नोकरी मिळाली ती बल्गेरिया युरोपीय संघात गेला म्हणून. हे ती स्वतःच सांगायची आणि सांगताना हसायची. त्याआधी ती प्लोवदिव शहरातच अंधांच्या कारखान्यात विजेच्या प्लगांचे स्क्रू पिळत असे. तो कारखाना आटत आटत बंद पडला, आणि त्याच सुमारास नियम आला की औषधाच्या प्रत्येक खोक्यावर औषधाचं नाव ब्रेलमध्ये उठवलेलं असलंच पाहिजे. मारित्सा नदीच्या पलीकडे, कर्शियाका भागात, औषधांची खोकी छापणारा एक छापखाना होता. टिंबं उठवायचं यंत्र त्यांनी आणलं, पण उठलेली टिंबं बरोबर आहेत का हे वाचायला त्यांच्याकडे कुणीच नव्हतं. वेलिचका जन्मापासून आंधळी, सहा वर्षांची असल्यापासून ब्रेल वाचणारी. दुसऱ्याच आठवड्यात ती कामावर रुजू झाली.

काम साधं होतं. नवा माल यंत्रावर चढला की पहिला पुठ्ठा तिच्या टेबलावर यायचा. ती दोन्ही हातांची पहिली बोटं टिंबांवरून फिरवायची आणि मोठ्यांदा वाचायची: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, गोळ्या की थेंब. बरोबर असेल तर यंत्र सुरू. साच्यातली एखादी टाचणी झिजली असेल तर एक टिंब दबकं यायचं, मग मेतोदीला हाक. मेतोदी साचे करणारा, साठीला टेकलेला, मिशीतल्या मिशीत पुटपुटणारा माणूस. तो टाचणी बदलायचा आणि दर वेळी म्हणायचा, "वेलिचके, तुझ्या बोटांना पगार वेगळा द्यायला हवा."

पण तिची खरी ओळख बोटांमुळे नव्हती, तिच्या प्रश्नांमुळे होती. तिला कुठलीही गोष्ट नुसती कानावर पडून पुरायची नाही. छापखान्यात नवं वंगण आलं तर तिला त्याचा वास वेगळा का येतो ते हवं असे. शेजारच्या टेबलावर कुणी हसलं तर कशाला हसलात ते हवं असे. नवरा इग्नात म्हणायचा की हिला स्वर्गात पाठवलं तर ही देवाला दरवाज्याचं बिजागर कोणत्या धातूचं ते विचारेल. इग्नातही दृष्टिहीन. तरुणपणी ॲसिटिलिनच्या स्फोटात डोळे गेलेले, पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेला आणि आता निवृत्त. बाल्कनीतल्या पिंपात कोबी आंबवणं आणि बायकोची थट्टा करणं ही त्याची दोन मुख्य कामं.

दोघांचं वय झालं तसं स्वयंपाकघरातलं एक फडताळ औषधांनी भरत गेलं. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, तिच्या थायरॉइडच्या, गुडघ्याचं मलम, थंडीतली खोकल्याची बाटली. नाव ब्रेलमध्ये असल्यामुळे कुठलं खोकं कुठलं हे बोटांना लगेच कळे. मुदत मात्र कळत नसे. ती ब्रेलमध्ये कुणीच देत नाही, कारण ब्रेल उठतं छापखान्यात आणि मुदतीची तारीख पडते ती नंतर, औषधाच्या कारखान्यात. त्यासाठी वरच्या मजल्यावरची पेन्का होती. रविवारी ती कॉफी प्यायला यायची, एकेक खोकं डोळ्यांजवळ धरून तारीख वाचायची, आणि वेलिचका खोक्याला रबर बांधायची. यंदा संपणाऱ्याला एक, पुढच्या वर्षी संपणाऱ्याला दोन. तारखा वाचून झाल्या की पेन्का जिन्यातल्या सगळ्या घरांच्या बातम्या सांगायची, आणि त्यांना मुदत नसायची.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात पेन्काच्या मुलीला स्पेनमध्ये बाळ झालं आणि पेन्का तिकडे गेली. आधी तीन महिन्यांसाठी म्हणाली, मग काही म्हणेनाशी झाली. फडताळात बिनरबराची खोकी साठू लागली. दुकानात औषधवाली तारीख सांगायची, पण घरी येईपर्यंत कोणती तारीख कोणत्या खोक्याची याचा गोंधळ व्हायचा. एकदा इग्नातने खोकल्याचं औषध घेतलं आणि रात्रभर त्याच्या पोटात कळा आल्या. औषध जुनं होतं की आंबवलेला कोबी जास्त झाला होता, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. पण वेलिचकाने ती बाटली मोरीत ओतून टाकली.

त्या शरद ऋतूत छापखान्यात घाई सुरू झाली. गुणवत्ता विभागाचा प्रमुख कालिन द्रागिएव, पस्तिशीचा इंजिनियर, सकाळपासून फोनवर असायचा. औषधांच्या सगळ्या कंपन्यांना फेब्रुवारीच्या आत खोकी बदलून हवी होती. इतकी वर्षं खोक्यावर उभ्या रेघांचा बारकोड असे. तो एका औषधाच्या सगळ्या खोक्यांवर एकच, त्यामुळे नकली खोकं आणि असली खोकं दुकानातल्या यंत्राला सारखंच वाटे. आता संपूर्ण युरोपात ठरलं होतं की प्रत्येक खोक्याला त्याचा स्वतःचा क्रमांक हवा आणि दुकानदाराने तो तपासूनच खोकं गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं. एवढी माहिती रेघांमध्ये मावेना. म्हणून रेघांच्या जागी ठिपक्यांचा एक चौकोन आला होता, करंगळीच्या नखाएवढा.

चौकोन छापखान्यात छापायचा नव्हता. तो औषधाच्या कारखान्यात, गोळ्या भरताना, एकेका खोक्यावर वेगळा पडणार होता. छापखान्याने फक्त त्याच्यासाठी कोरी जागा सोडायची होती. पहिल्या कंपनीसाठी त्यांनी तशी जागा सोडून माल पाठवला, आणि आठवड्याभरात सगळे गठ्ठे परत आले. चौकोन वाचलेच जात नव्हते. कोऱ्या जागेत ब्रेलच्या शेवटच्या अक्षराची टिंबं घुसली होती. उंचसखल पुठ्ठ्यावर शाई तुटक पडत होती.

कालिनने वेलिचकाला आणि मेतोदीला खोलीत बोलावलं. ब्रेल किती डावीकडे सरकवता येईल, एवढंच त्याला हवं होतं. वेलिचकाने बोटाने मोजून सांगितलं, मेतोदीने मिशीत हुंकार दिला, आणि काम खरं तर संपलं. पण वेलिचका उठेना.

"त्या चौकोनात असतं काय?" तिने विचारलं.

कालिनला पाच मिनिटांनी दुसरा फोन करायचा होता. तरी त्याने सांगितलं, की काळी आणि पांढरी बारीक घरं असतात, बुद्धिबळाच्या पटासारखी पण विस्कटलेली, आणि त्या काळ्या-पांढऱ्यात आकडे लपवलेले असतात.

"म्हणजे टिंब असणं आणि नसणं. आमच्यासारखंच."

"साधारण तसंच, ताई. पण तुमच्यात सहा टिंबांतलं एक गळलं की अक्षर बदलतं. यात थोडे ठिपके गेले तरी बिघडत नाही. उरलेल्यांवरून यंत्र गेलेले भरून काढतं."

वेलिचकाचा चेहरा असा झाला की मेतोदीने नंतर कँटीनमध्ये त्याची नक्कल करून दाखवली. ज्या लिपीत एक टिंब दबकं आलं तर यंत्र बंद करावं लागतं, तिच्यात तिने अख्खं आयुष्य काढलं होतं, आणि इथे हा म्हणत होता की ठिपके गळले तरी चालतं. तिचा विश्वास बसेना. किती गळले तर चालतं? कुठले गळले तर चालतं? कालिनने हात टेकले, कंपनीकडून आलेली नमुन्याची खोकी आणि हातातला स्कॅनर तिच्यासमोर ठेवला आणि तो फोन करायला गेला.

परत आला तेव्हा टेबलावर चिकटपट्टीचे कपटे पसरले होते. मेतोदी पट्टीचा तुकडा चौकोनावर डकवत होता आणि वेलिचका स्कॅनर दाबत होती. मधोमध कपटा डकवला, स्कॅनर वाजला. कोपऱ्याजवळ थोडा मोठा डकवला, वाजला. मग खालच्या कडेवर काडीएवढीच पट्टी लावली, तर स्कॅनर मुका. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. आतलं बरंच झाकलं तर चालतं, कड झाकलेली चालत नाही.

"कडेला काय आहे?" तिने विचारलं.

कालिन आता खुर्ची ओढून बसला होता. दोन बाजूंना सलग काळी भिंत असते, तो म्हणाला, त्या भिंतीवरूनच यंत्राला कळतं की चौकोन इथे आहे आणि सुलटा कुठल्या बाजूने आहे. मग त्याने स्कॅनरच्या पडद्यावर आलेले आकडे तिला वाचून दाखवले: हा औषधाचा क्रमांक, हा या एकट्या खोक्याचा, हा घाण्याचा, म्हणजे एका वेळी बनलेल्या सगळ्या मालाचा, आणि ही मुदत.

"मुदत यात आहे?"

"आहे ना. सक्तीची आहे."

तिने आणखी काही विचारलं नाही. कालिनला ते जरा चमत्कारिकच वाटलं.

डिसेंबरात इग्नातचा नामदिवस, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण असतो. त्या दिवशी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं, म्हणून इग्नात सकाळपासून कान देऊन बसलेला. आठ वाजता घंटा वाजली आणि मेतोदी आत आला, एका हातात घरी गाळलेल्या राकिया दारूची बाटली आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. इग्नात म्हणाला, पाय जड वाटतात, वर्ष वजनदार जाणार. मेतोदीने दारातल्या रिवाजाप्रमाणे आरोग्याच्या, कोंबड्या-कोकरांच्या शुभेच्छा पुटपुटल्या, या घरात कोकरू कधीच नव्हतं तरी, आणि गुंडाळी वेलिचकाच्या हातात दिली.

आत पितळेचा तुकडा होता, तळहाताएवढा. मेतोदीने नमुन्याच्या खोक्यावरचा एक चौकोन मोठा करून घेतला होता आणि जेवणाच्या सुट्टीत थोडा थोडा करत त्याचा ठसा कोरला होता. जिथे काळं तिथे उंच, जिथे पांढरं तिथे खोल.

वेलिचकाने बनित्सा, चीज भरलेली भाजलेली पोळी, कापायची सोडली, तूप लागलेले हात पुसले आणि टेबलाशी बसली. आधी तिला भिंत सापडली. डावीकडे आणि खाली, सलग, गुळगुळीत. मग उरलेल्या दोन बाजू: एक उंच, एक खोल, एक उंच, एक खोल, दातांसारख्या. आतलं मात्र काहीच लागेना. ती डावीकडून उजवीकडे वाचून बघत होती, वरून खाली, तिरकं. एखादं अक्षर हाताला लागतंय असं वाटायचं आणि निसटायचं.

इग्नातने तुकडा मागून घेतला, दोनदा चाचपला आणि निकाल दिला, "ही गटाराची जाळी आहे."

"ही रक्तदाबाची गोळी आहे," मेतोदी म्हणाला. "तुझीच."

"मग माझा रक्तदाब का वाढतो ते आता कळलं."

वेलिचका हसली, पण तुकडा तिने परत घेतला. पाहुणे येत गेले, राकिया ओतली गेली, कोबीची पानं संपली, आणि ती अधूनमधून टेबलाखाली तो चाचपत राहिली. बोटांनी वाचायची ही लिपी नाही, हे तिला दुपारपर्यंत कळलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. आपल्याला न वाचता येणारी लिपी हाताला कशी लागते, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं, आणि डोळस लोकांना ब्रेल असंच लागत असणार, असं तिच्या मनात आलं.

फेब्रुवारी उजाडला आणि दुकानांत चौकोनवाली खोकी येऊ लागली. कालिनने वेलिचकाच्या बोलक्या फोनमध्ये चौकोन वाचणारं एक फुकट ॲप टाकून दिलं. फोन मुदत सरळ सांगणार नव्हता, आकड्यांची लांबलचक माळ म्हणणार होता. त्या माळेत एक-सात आलं की पुढे वर्ष, महिना, दिवस, हे त्याने तिला शिकवलं. तिने ते पाठ केलं आणि घरी जाताना ट्रॉलीबसमध्ये पुटपुटत राहिली.

घरी आल्यावर कोटही न काढता ती फडताळाशी उभी राहिली. इग्नातच्या गोळ्यांचं नवं खोकं काढलं, फोन समोर धरला. फोन गप्प. खोकं फिरवलं, गप्प. पुढे, मागे, उभं, आडवं. एका खोक्याला सहा बाजू, आणि फोन जवळ हवा की लांब ते कुणास ठाऊक. पाव तास गेला तेव्हा फोन एकदम बोलला, पण तो भिंतीवरच्या कॅलेंडरवरची पर्यटन कंपनीची जाहिरात बोलला.

"सोझोपोलच्या समुद्रावर जायचं का?" इग्नातने आतून विचारलं. "तुझा फोन बोलावतोय."

पुढचे तीन-चार दिवस तिने रोज थोडा वेळ प्रयत्न केला. एकदा जमलं, पण कसं जमलं ते कळलं नाही, आणि मुदतीचा महिना निघाला एक्केचाळीसावा. खोक्याच्या स्वतःच्या क्रमांकातही एक-सात आलं होतं, आणि ती त्यालाच मुदत समजली होती. इग्नातला हे फार आवडलं. एक्केचाळीसाव्या महिन्यात पेन्शन वाढते का, असं तो भेटेल त्याला विचारत सुटला.

ते सापडलं एका शनिवारी, आणि ती ते शोधतही नव्हती. स्वयंपाकघरात लसूण सोलून झाला होता, गोळीची वेळ झाली म्हणून तिने खोकं उचललं. अंगठा कडेच्या पट्टीवरून घसरत गेला आणि मध्येच अडकला. सगळं खोकं वार्निशमुळे गुळगुळीत होतं, आणि तिथे तेवढ्या जागेत पुठ्ठा कोरडा होता, कागदासारखा, किंचित खरखरीत. तिने अंगठा पुन्हा फिरवला. खरखर कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते दोन्हीकडे स्पष्ट लागत होतं.

वार्निश! वार्निशवर कारखान्याची शाई वाळत नाही म्हणून त्या जागेत ते लावायचं नाही, हे छापखान्यात महिनाभर सगळे एकमेकांना ओरडून सांगत होते. तिच्याही टेबलावरून त्या कोऱ्या खिडक्या रोज जात होत्या. पण तिथे ती ब्रेल वाचायला बसलेली असे. खिडकी म्हणजे ब्रेलने जिथे जायचं नाही ती जागा, एवढंच बोटांनी धरून ठेवलं होतं.

तिने खोकं टेबलावर ठेवलं, खरखरीत जागा वर करून. एका हाताचं बोट त्या जागेच्या शेजारी टेकवलं, दुसऱ्या हाताने फोन आणून बोटाला चिकटवला आणि सावकाश वर उचलला. वीतभर वर गेला असेल नसेल, फोन बोलायला लागला. तिने पहिल्या एक-सातला सोडून दिलं, कारण तो फार लवकर, औषधाच्या क्रमांकातच आला होता. पुढच्याला धरलं. एकवीस, शून्य आठ.

"इग्नात," तिने हाक मारली. "तुझ्या गोळ्या एकवीस सालच्या ऑगस्टपर्यंत चांगल्या आहेत."

तो भिंतीला हात लावत आला, तिच्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "पुन्हा ऐकव."

तिने पुन्हा ऐकवलं. मग त्याचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. ॲसिटिलिनने त्याची बोटंही थोडी भाजली होती, त्याला खरखर लागायला वेळ लागला. पण लागली. त्या दुपारी दोघांनी सगळं फडताळ रिकामं केलं. निम्म्या खोक्यांवर चौकोन नव्हताच, ती जुन्या छपाईची होती, आणि एका मलमाच्या खोक्याला वार्निशच नव्हतं, ते सगळीकडून सारखंच कोरडं. तेवढी त्यांनी पिशवीत भरून औषधवालीकडे वाचायला नेली. उरलेल्यांच्या तारखा वेलिचकाने स्वतः ऐकल्या. रात्री तिने स्पेनला पेन्काला फोन केला. पेन्का आधी खूश झाली, मग म्हणाली की तारखा नसल्या तरी बातम्या सांगायला मी फोन करतच जाईन.

सोमवारी वेलिचकाने कालिनला सांगितलं. त्याने एक खोकं उचललं, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. त्याला काही लागलं नाही. त्याने पुन्हा केलं, हळू, आणि तिसऱ्यांदा त्याला लागलं. वेलिचकाने विचारलं, की खिडकीच्या कोपऱ्यात एक उंच टिंब दिलं तर जास्त सोपं होईल का. त्याने तसं पत्र चार कंपन्यांना लिहिलं. दोन कंपन्यांनी कळवलं की खोक्यावर काहीही वाढवायचं तर औषध खात्याची नव्याने परवानगी लागते, सध्या शक्य नाही. एकीने उत्तरच दिलं नाही. चौथी, खोकल्याच्या चहाची पाकिटं करणारी लहानशी कंपनी, म्हणाली की पुढच्या छपाईच्या वेळी बघू. चहाला मुदतीची तितकीशी भीती नसते, पण वेलिचका म्हणाली, सुरुवात चहाने झाली तरी चालेल.

कालिनने त्याच्या अखत्यारीतली एक गोष्ट मात्र लगेच केली. वार्निश कधीकधी खिडकीच्या कडेवरून आत पसरत असे, आणि डोळ्यांना ते दिव्याखाली तिरकं धरल्याशिवाय दिसत नसे. पहिला पुठ्ठा टेबलावर आला की वेलिचकाने ब्रेलनंतर खिडकीवरूनही बोट फिरवावं आणि कड नीट लागते का ते सांगावं, असं ठरलं. मेतोदी म्हणाला, आता तर दोन पगार हवेत.

मार्चच्या अखेरीस ती अंधांच्या संघाच्या खोलीत पिशवीभर रिकामी खोकी घेऊन गेली. दहाबारा जण जमले होते, बहुतेक तिच्याहून म्हातारे. मार्चच्या सुरुवातीला शुभ म्हणून मनगटावर बांधलेल्या लाल-पांढऱ्या दोऱ्यांच्या मार्तेनित्सा काहींनी अजून सोडल्या नव्हत्या. तिने प्रत्येकाच्या हातात खोकं दिलं आणि खरखर शोधायला लावली. काहींना लगेच सापडली. मधुमेहाने बोटं बधिर झालेल्या एका बाईला काही केल्या सापडेना, तेव्हा तिच्या शेजारच्या माणसाने सुचवलं की बोटाने नाही, खालच्या ओठाने बघ. तिने खोकं ओठावरून फिरवलं आणि थांबली. मग खोलीत सगळेच एकेक करून खोकी ओठांना लावू लागले, आणि वेलिचकानेही लावलं. खरंच, ओठाला ते बोटापेक्षा लवकर कळत होतं.

का कळत असेल, हे ती सोमवारी कामावर गेल्या गेल्या कालिनला विचारणार होती. त्याला ठाऊक नसेल याची तिला खात्री होती, पण कुठून तरी विचारायला सुरुवात करायलाच हवी होती.